इंग्रजीतले ३८ आणि मेरिटचा बाऊ

"दादा, बारावीचा कागद दाखवावाच लागते काय?"

मागच्या हिवाळ्यात मेहकर तालुक्यातल्या एका मुलीने आम्हाला विचारलेला हा प्रश्न. बी.ए.ला ६८ टक्के, समाजशास्त्रात एम.ए. ७१ टक्के. एम.ए. करताकरता दोन वर्षं वीटभट्टीवरच्या मुलांना शाळेत आणायचं काम केलेलं. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाचा अर्ज भरायचा होता. सगळी कागदपत्रं फाईलमध्ये नीट लावलेली, फक्त एक कागद घडी घालून सगळ्यात मागे सरकवलेला. २०२० ची बारावीची गुणपत्रिका. एकूण ५४ टक्के, इंग्रजीत ३८.

हे ३८ कुठून आले ते आम्हाला माहीत आहे. बारावीचा पहिला पेपर इंग्रजीचा असतो आणि तो फेब्रुवारीत येतो. फेब्रुवारी म्हणजे आमच्या भागात हरभरा सोंगणीचा महिना. त्या वर्षी बाप दवाखान्यात होता, आई दुसऱ्याच्या वावरात मजुरीला, आणि धाकट्या दोन भावंडांचा स्वयंपाक करून ही पोरगी परीक्षेला जायची. ज्युनिअर कॉलेजात वर्षभर इंग्रजीला मास्तर नव्हता. गाईड घेतलं होतं, तेही जुन्या अभ्यासक्रमाचं निघालं. यातली एकही गोष्ट गुणपत्रिकेवर छापलेली नसते. तिथे फक्त ३८ छापलेलं असतं आणि ते जन्मभर सोबत येतं.

आम्ही तिला सांगितलं, कागद दाखवावाच लागतो. पण तुझ्या मनात भरलेली भीती आणि त्या कागदाची खरी किंमत यांत फरक आहे. तो फरक नीट मांडावा म्हणून हा लेख.

आधी शिष्यवृत्तीचं बोलू, कारण आपल्या मुलांसाठी परदेशातलं दार पैशाने उघडतं, नुसत्या प्रवेशपत्राने नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. वर्षाला जागा ७५. आपल्या समाजाची लोकसंख्या डोळ्यांसमोर आणा आणि हा आकडा पुन्हा वाचा. २०२४ साली याच योजनेत सरकारने ७५ टक्के गुणांची अट घातली. कारण काय, तर सगळ्या समाजांच्या योजनांसाठी 'समान धोरण'. सोबत उत्पन्नाची मर्यादा आणि वर्षाला किती लाख द्यायचे याच्यावरही टाच. मुलं रस्त्यावर उतरली, निवेदनं गेली, विधिमंडळात आवाज उठला, तेव्हा कुठे ती अट मागे घ्यावी लागली. हा लढा जिंकला खरा. पण अट घालणाऱ्याच्या डोक्यात काय होतं हे विसरून चालणार नाही, कारण ते डोकं अजून तिथेच बसलेलं आहे.

आता यातली गंमत बघा. आय.आय.टी. आणि एन.आय.टी.च्या प्रवेशासाठी बारावीला ७५ टक्क्यांची अट आहे. पण अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना तिथे ६५ टक्के चालतात, आणि तेवढेही नसतील तर आपल्या बोर्डातल्या, आपल्या प्रवर्गातल्या वरच्या २० पर्सेंटाईलमध्ये असलं तरी चालतं. म्हणजे देशातल्या सगळ्यात कडक समजल्या जाणाऱ्या संस्थांनाही हे मान्य आहे की, बोर्डाबोर्डात फरक असतो आणि जातीजातीत फरक पाडलेला असतो. आणि केवळ अनुसूचित जातींसाठी काढलेल्या, सामाजिक न्याय विभागाच्या योजनेत मात्र सरसकट ७५! कला शाखेत ७५ टक्के म्हणजे काय, हे अमरावती विद्यापीठात बी.ए. केलेल्या कुणालाही विचारा. आमच्या वर्गात प्रथम श्रेणी मिळाली तरी पेढे वाटले जायचे.

केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीला ६० टक्के लागतात. पण तिथे दुसरी खुंटी मारून ठेवली आहे. २०२२ पासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास किंवा भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषय तिथे चालत नाहीत. म्हणजे केंब्रिजला जाऊन जातीवर संशोधन करायचं असेल तर सरकार पैसे देणार नाही. गुण असले तरी विषय चुकीचा! समाजशास्त्र शिकलेल्या आमच्यासारख्यांना यावर वेगळा लेख लिहावा लागेल.

बाबासाहेबांचं उदाहरण इथे द्यायलाच हवं. ते १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. गुण ७५० पैकी २८२. टक्केवारी काढा, ३७.६ येते. या निकालावर परळच्या चाळीत सत्कार झाला, केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढे सयाजीराव महाराजांनी महिन्याला २५ रुपये देऊन बी.ए. करवलं आणि १९१३ साली तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंड देऊन अमेरिकेला पाठवलं. महाराजांनी भेटीत काय शिकणार ते विचारलं. उत्तर आलं, समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि विशेष करून सार्वजनिक अर्थकारण. दोनच वर्षांत, १९१५ ला, कोलंबियाची एम.ए. हातात होती. पुढे तिथलीच पीएच.डी., लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डी.एस्सी., ग्रेज इनची बॅरिस्टरी. २०२४ ची ती अट १९१३ ला असती तर खिडकीवरच्या बाबूने मॅट्रिकची गुणपत्रिका बघून अर्ज परत केला असता. सयाजीरावांनी माणूस बघितला. शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेने आकडा बघायचं ठरवलं. यापेक्षा मोठी विटंबना आम्हाला तरी सुचत नाही.

कुणी म्हणेल, तो काळ वेगळा होता, तेव्हा मॅट्रिक होणंच कठीण होतं. बरोबर आहे. आमचंही म्हणणं तेच आहे. गुणाची किंमत काळ, जागा, शाळा आणि मोजपट्टी पाहून ठरते. याचा सगळ्यात ढळढळीत पुरावा महाराष्ट्र बोर्डानेच दिला आहे. राज्याचा बारावीचा निकाल २०२० ला ९०.६६ टक्के लागला. २०२१ ला कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही, दहावी-अकरावी-बारावीचे गुण ३०:३०:४० अशा प्रमाणात धरून निकाल लावला, आणि तो लागला ९९.६३ टक्के. २०२३ ला पुन्हा ९१.२५. मुलं एका वर्षासाठी हुशार झाली आणि पुढे पुन्हा ढ झाली असं झालं का? मोजपट्टी बदलली, एवढंच. आमची ही मुलगी २०२० ची. एक वर्ष मागे जन्मली असती तर तिच्या इंग्रजीपुढे ३८ दिसले नसते. अशा आकड्याला 'मेरिट' म्हणून डोक्यावर घेऊन नाचायचं आणि त्यावरून पोरांची लायकी ठरवायची, याला काय म्हणावं?

दिल्ली विद्यापीठाने तर हा खेळ टोकाला नेला होता. २०२१ ला तिथल्या काही नामांकित कॉलेजांची पहिली कट-ऑफ चक्क १०० टक्के होती. ९९ वाला बाहेर! दुसऱ्या वर्षापासून सी.यू.ई.टी. आली. आता बोर्डाच्या गुणांऐवजी त्या परीक्षेचे गुण, आणि त्यासाठी पुन्हा क्लास. चाळणी बदलली, भोकं तेवढीच राहिली.

आणि प्रवेश मिळाला की आकडा पिच्छा सोडतो असंही नाही. आय.आय.टी.मध्ये 'तुझा जे.ई.ई. रँक किती' हा प्रश्न जात विचारायची सभ्य पद्धत होऊन बसला. दर्शन सोळंकी या दलित विद्यार्थ्याचा फेब्रुवारी २०२३ मध्ये आय.आय.टी. मुंबईत मृत्यू झाला, त्यानंतर देशभर आवाज उठला. त्याच वर्षी त्या संस्थेला लेखी सूचना काढावी लागली की, विद्यार्थ्यांनी एकमेकांना रँक विचारू नये. एका आकड्याने माणूस किती सोलला जातो हे संस्थेनेच कबूल केलं.

आता त्या मुलीच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. एक खराब गुण मोठ्या विद्यापीठाचं दार बंद करतो का? दार कसं आहे त्यावर अवलंबून आहे. जिथे यंत्र किंवा बाबू चाळणी लावतो तिथे एका गुणाने, अर्ध्या टक्क्यानेही बंद होतं. जिथे माणूस अर्ज वाचतो तिथे सहसा होत नाही. इंग्लंडच्या बहुतेक विद्यापीठांत एम.ए.साठी मुख्यतः पदवीचे गुण बघतात, ५५-६० किंवा थोडे जास्त. विद्यापीठागणिक आकडा वेगळा. बारावीचं इंग्रजी कमी असेल तर आय.ई.एल.टी.एस. द्यायची. यात एक मेख मात्र आहे. बारावीच्या इंग्रजीत ७०-७५ च्या पुढे गुण असले तर काही विद्यापीठं या परीक्षेतूनच सूट देतात, त्यातही बोर्ड कुठलं ते बघून. म्हणजे शहरातल्या मोठ्या शाळेतल्या पोराचे सतरा-अठरा हजार रुपये वाचतात आणि वीटभट्टीवाल्याच्या पोरीला ते भरावे लागतात. ३८ गुणांचा दंड म्हणा हवं तर. आमच्या मुलीने तो भरला, चार जणांकडून उसने घेऊन. आणि आय.ई.एल.टी.एस.मध्ये तिला ७ बँड मिळाले. आता सांगा, तिला इंग्रजी येत होतं की नव्हतं?

हार्वर्डसारख्या ठिकाणी शंभरातले तीन-चार जण घेतात. तिथे सगळीकडे पैकीच्या पैकी असलेली मुलंही ढिगाने बाहेर राहतात. म्हणून नकार आला तर तो त्या एका गुणामुळेच आला असं धरून बसणं चुकीचं आहे.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे. लोणार तालुक्यातल्या पिंपरी खंदारेचे राजू केंद्रे. भटक्या समाजातले, घरातले पहिले पदवीधर. पुण्यात नियमित कॉलेज जमलं नाही, बी.ए. केलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून. 'मुक्त'ची पदवी म्हटलं की आपल्याकडे नाकं मुरडतात. पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था, मेळघाटातलं काम, आणि २०२१ ला चेवनिंग शिष्यवृत्तीवर लंडनच्या सोआसमध्ये. चेवनिंगला पदवीची ठरावीक पातळी लागते, पण निवड फिरते ती दोन वर्षांच्या कामावर, निबंधांवर आणि मुलाखतीवर. आज त्यांची 'एकलव्य' ही संस्था पहिल्या पिढीतल्या मुलांना उच्च शिक्षणाच्या वाटा दाखवते. हे उदाहरण आम्ही चमत्कार म्हणून सांगत नाही. एका केंद्रेंमागे न गेलेले हजार आहेत हे आम्हाला ठाऊक आहे. पण ते हजार कुठे गळाले ते बघा. बहुतेकांना विद्यापीठाने नाकारलंच नाही. त्यांनी अर्जच केला नाही.

इथे थोडं आपल्याबद्दल बोलायला हवं, आणि ते कडू लागेल. निकाल लागला की आपल्या विहारांत, समाजमंदिरांत गुणवंतांचा सत्कार होतो. आम्हीही घेतो. बॅनरवर फोटो कुणाचे? ८५ च्या पुढचे. शाल, गुच्छ, पाहुण्यांचं भाषण. ५४ वाली मुलगी मागच्या सतरंजीवर बसून टाळ्या वाजवते आणि आपण या जागेचे नाही हे मनात पक्कं करून घरी जाते. मेरिटच्या नावाने ज्यांनी आपल्याला शतकानुशतकं बाहेर ठेवलं त्यांचीच फूटपट्टी आपण निळ्या झेंड्याखाली वापरतो. २८२ गुणांवर चाळीने सत्कार केला होता, तो कशाचा होता याचा विचार आपल्या कार्यकर्त्यांनी कधी केला आहे का? तीन वर्षांपूर्वी या मुलीच्या गावात आमच्याच कार्यक्रमात यादी वाचली गेली. तिचं नाव त्यात नव्हतं. यादी आम्हीच केली होती.

याचा अर्थ गुणांकडे दुर्लक्ष करा असा कुणी काढू नये. बोर्डात श्रेणीसुधार योजना आहे, पास झालेल्या मुलांना लगतच्या परीक्षांना पुन्हा बसता येतं. गावात हे किती जणांना माहीत असतं? गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत, पुनर्मूल्यांकन, यांच्या मुदती निकालानंतर थोड्याच दिवसांत संपतात आणि आपली मुलं तेव्हा पेरणीच्या घाईत असतात. टाटा संस्था किंवा जे.एन.यू.मध्ये एम.ए.ला सी.यू.ई.टी.तून जाता येतं. तिथे पदवीचे गुण पात्रतेपुरते लागतात, अनुसूचित जातींना त्यातही सवलत असते, बारावीचं इंग्रजी कुणी काढून बघत नाही. ही माहिती जयंतीच्या डी.जे.च्या खर्चातल्या एका दिवसाच्या पैशात तालुकाभर पोचवता येते. तेवढं तरी करू.

त्या मुलीने अर्जाच्या निबंधाचा पहिला मसुदा आणला तेव्हा त्यात बारावीचं नावच नव्हतं. दहावीनंतर थेट बी.ए. आम्ही म्हटलं, लिही. ती म्हणाली, "रडगाणं वाटंल न दादा." त्यावर आमचा तासभर वाद झाला. आमच्यातल्या एका ताईंनी तिला एवढंच सांगितलं की, बापाचा आजार लिहायचा नसेल तर नको लिहू, पण मास्तर नव्हता हे लिही, ते काही तुझं खाजगी दुःख नाही. शेवटी तिने चार ओळी लिहिल्या. वर्षभर इंग्रजीला शिक्षक नव्हता, परीक्षेच्या महिन्यात घर तिच्यावर होतं, नंतर इंग्रजी ती वाचनालयातल्या वर्तमानपत्रांवर शिकली, आणि वीटभट्टीवरच्या मुलांचा विषय तिने का घेतला ते त्याच वर्षाशी जोडलेलं आहे. गुणपत्रिका फाईलमध्ये तारखेच्या क्रमाने, दहावीच्या मागे लावली.

अर्ज जानेवारीत गेला. उत्तर अजून आलेलं नाही. दरम्यान तिने गावातल्या आणखी दोन मुलींना आमच्याकडे पाठवलं आहे. एकीला बारावीला ४९ टक्के आहेत, दुसरीची ए.टी.के.टी. राहिली आहे. येत्या रविवारी विहारात बसायचं ठरलं आहे.