मुदतीपूर्वी मोडलेली ठेव

बँकेत असताना मुदत ठेव मोडायला आलेला माणूस मी लांबूनच ओळखत असे. पावती हातात घट्ट धरलेली आणि चेहरा अपराध्यासारखा. मुलीचे लग्न, शेतातली विहीर, दवाखाना. कारण काहीही असो, आपण काहीतरी गैर करतो आहोत असे त्याला वाटत असे. मी म्हणे, ‘‘अहो, पैसे तुमचेच आहेत.’’ ठेव जितके दिवस राहिली तितक्या दिवसांचा दर लावायचा, त्यातून अर्धा-एक टक्का दंड कापायचा आणि उरलेले व्याज मुद्दलासह हातात ठेवायचे. नियम कडक खरा, पण राहिलेल्या दिवसांची किंमत तो मानतो.

हे आठवले ते शेजारच्या मुलीमुळे. बारावीनंतर ती पाच वर्षांच्या बी.ए. एलएल.बी.ला गेली. तीन वर्षे सगळे विषय सुटले, आणि चौथ्याच्या सुरुवातीला म्हणू लागली, ‘‘काका, मला हे सोडायचंय.’’ तिचे वडील माझ्याकडे आले. ‘‘दोनच वर्षं राहिलीत. तुम्ही समजवा जरा.’’ मी शहाणपणाने म्हणालो, ‘‘बी.ए. तर पदरात पडली ना? मग घाबरायचं काय?’’ पोरगी हसली. ‘‘कसली बी.ए., काका?’’

नियम काढून वाचला. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांतला १३ वा नियम सांगतो की, या एकात्मिक दुहेरी पदवीचे तुकडे करून मध्येच एक पदवी देऊन कोणाला बाहेर सोडता येणार नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने इतर पदव्यांना एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी अशा वाटा ठेवल्या. या मुलीला मात्र पाचव्या वर्षापर्यंत दार नाही.

पैशाचे नियमही सुरुवातीपुरतेच दयाळू आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण शुल्क परत मिळते. त्यातून कापायचे ते फक्त प्रक्रियेपोटी ५ टक्क्यांपर्यंत आणि तेही ५,००० रुपयांहून जास्त नाही. मग ९०, ८०, ५० टक्के अशी उतरंड, आणि अंतिम तारखेनंतर ३० दिवस उलटले की शून्य. मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवायची नाहीत, असेही तीत स्पष्ट म्हटले आहे; पालकांनी हे ध्यानात ठेवावे. पण वकिली आपल्याला मानवणार नाही हे तीस दिवसांत कोणाला कळते? ते कळते एखाद्या वकिलाच्या कचेरीत उमेदवारी करताना, नुसत्या तारखा पडताना पाहून.

अर्धवट वकील तयार होऊ नयेत ही कौन्सिलची काळजी मला पटते. पण ही मुलगी सनद कुठे मागते आहे? राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास हे विषय तिला शिकवले, त्यांची परीक्षा घेतली, उत्तीर्ण केले. तेवढ्याची पावती द्यायला काय हरकत आहे?

कायदा मीही सोडला आहे. नोकरी लागल्यावर सकाळच्या वर्गांना जाऊन तीन वर्षांच्या एलएल.बी.चे एक वर्ष केले, बदली झाली आणि पुस्तके माळ्यावर गेली. फार तर वर्षभराची झोप बुडाली, कारण बी.कॉम. आधीच खिशात होती. पदवीनंतर कायदा म्हणजे तीन अधिक तीन, सहा वर्षे. बारावीनंतर पाच. वाचलेल्या या एका वर्षासाठी आपण सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना केवढ्या मुदतीच्या ठेवीत गुंतवतो, हा हिशेब प्रवेशाच्या वेळी कोणी मांडत नाही. बँकेत जन्म घालवूनही मी तो मांडला नाही. हा अभ्यासक्रम चांगला, असे तिच्या वडिलांना मीच सांगितले होते.

आता तिचे वडील यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची चौकशी करताहेत. बी.ए. पहिल्या वर्षापासून करावी लागेल की झालेले विषय धरतील, हे विचारायला ते मंगळवारी नाशिकला जाणार आहेत. तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका बरोबर न्या, असे मी त्यांना सांगितले आहे.