भेट पुरी हवी

तुळशीची लग्ने लागली की लग्नसराई सुरू होते. मग डिसेंबर ते मार्च या काळात देवबाग-तारकर्लीपासून गुहागर-दिवेआगरपर्यंत आपल्या घरगुती निवासांत नवी जोडपी येऊ लागतात. नव्या नोकऱ्या, शहरातले घरभाडे, लग्नाचा नुकताच झालेला खर्च. त्यामुळे दोन-तीन रात्रींचा हिशेब त्यांनी निघण्याआधीच मोबाइलवर मांडलेला असतो. हल्ली त्यांच्या आधी एक फोन येतो. “काका, शनिवारी माझी ताई आणि दाजी तुमच्याकडे येतायत. त्यांना न सांगता काहीतरी ठरवायचंय, नुसतं पाकीट नको. आम्ही भावंडांनी मिळून दीड हजार काढलेत. काय बसेल?”

असा फोन कधी बहिणीचा असतो, कधी ऑफिसातल्या मित्रमंडळींचा, तर कधी सासूबाईंचाही. आपल्या व्यवसायात हे नवे, छोटे आणि मोलाचे काम आले आहे. आपली उत्तरे मात्र दोनच ठरलेली असतात: स्कूबा, नाहीतर फुगे लावून सजवलेली खोली आणि केक. दोन्ही विकायला सोपी आहेत. पण ती त्या दोघांना मानवतील का, हे क्वचितच विचारले जाते. आमचे म्हणणे थोडक्यात असे: भेट पुरी हवी. तिच्यासाठी जोडप्याला पदरचा पैसा घालावा लागू नये, त्यांनी आखलेला दिवस मोडू नये आणि ‘आम्हाला नको’ म्हणताना त्यांना अवघड वाटू नये.

आधी पैशाचे पाहू. भावंडांनी समुद्रातल्या डुबकीचे पैसे भरलेले असतात. जोडपे आनंदाने निघते. जेटीपर्यंतच्या रिक्षाचे पैसे वेगळे. पाण्याखालच्या व्हिडिओचे वेगळे. परतताना भूक लागते, समोरच्या हॉटेलात दोन थाळ्या होतात. संध्याकाळी हिशेब केला तर फुकटच्या भेटीपायी दोन वेळच्या जेवणाचे बजेट उडालेले असते. देणाऱ्याला याचा पत्ता नसतो, आणि घेणारे ते कधी बोलून दाखवत नाहीत. आपल्या हातून नकळत आवळा देऊन कोहळा काढला जातो. म्हणून देणाऱ्याला एकच आकडा सांगावा आणि त्यात घरापासून घरापर्यंतचा सगळा खर्च धरावा: जाणे-येणे, प्रवेश शुल्क, फोटो, पाणी, खाणे. दीड हजारात हे बसत नसेल तर कार्यक्रम लहान करावा, पण तो अर्धा विकू नये. जमेल तिथे भेटीला जेवणाची वेळ जोडावी. ज्यांचा हिशेब काटेकोर आहे त्यांना एका जेवणाचा खर्च वाचणे ही भेटीतली दुसरी भेट वाटते.

वेळेचेही तसेच आहे. तीन दिवसांच्या सहलीत मोकळ्या सकाळी दोनच मिळतात. त्यातली एक दुसऱ्याने ठरवलेल्या कार्यक्रमात पूर्ण गेली, तर जोडप्याने मनात ठरवलेले काहीतरी राहून जाते. भेट दोन-तीन तासांची असावी आणि शक्यतो पोहोचल्याच्या दिवशी संध्याकाळी असावी. प्रवासाचा शीण असतो, लांब जायचे नसते, आणि ‘आता काय करायचे’ हा प्रश्नही तेव्हाच पडलेला असतो. वेळ ठरवताना घड्याळाआधी तिथी पाहावी. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीच्या वेळेचा अदमास येतो, हा आपल्या बापजाद्यांचा हिशेब. पंचमीला पावणेचारच्या सुमारास भरती. दुसऱ्या दिवशी तीच सुमारे ५० मिनिटे उशिरा. खाडीतली होडी पंचमीच्या दुपारी तीनला सोडली तर पाणी साथ देते. तीच रात्री साडेनऊनंतर सोडायची म्हटली, तर ओहोटीचा चिखल वाट अडवतो. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घ्यावी, पण पाहुण्याला फोनवर शब्द देण्याआधी निदान एवढे गणित तरी डोक्यात असावे.

मग द्यायचे काय? आपल्या गावात जे रोज घडते आणि दोघांनी मिळून करण्याजोगे असते, ते.

शिरवाळ्यांचेच घ्या. तांदळाचे पीठ गरम पाण्यात मळून त्याचे मुटके उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि वाफ जिरायच्या आत लाकडी साच्यात घालून दाबायचे. हे एकट्याचे काम नव्हे. एकाने दांड्यावर सगळा भार टाकायचा, दुसऱ्याने खाली ताटली धरून ती फिरवत शेवया गोल झेलायच्या. पहिला मुटका बहुधा फसतो: दाबणारा थांबतो किंवा झेलणारा घाई करतो, आणि शेवया तुटून पडतात. दुसऱ्या मुटक्याला दोघांचा मेळ बसतो. तोवर नारळाच्या दुधात गूळ आणि वेलची घालून रस तयार झालेला असतो, आणि स्वतःच्या हातांनी पाडलेल्या शिरवाळ्या ताटात येतात. चूल आपली, साचा आपला, तांदूळ आणि नारळ आपल्याच परसातले. दीड तासाच्या या कार्यक्रमात संध्याकाळचे खाणेही झाले. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायची आहे. हे शिकवणारी आपली आई असते, वहिनी असते, शेजारची काकी असते. तिचे मानधन दरात वेगळे धरा आणि तिच्याच हातात द्या. घरच्या बाईचे श्रम फुकट धरून स्वस्त केलेली भेट आपल्या व्यवसायाला शोभत नाही.

वेंगुर्ल्यात मांडवीच्या खाडीवर स्वामिनी बचत गटाच्या महिला २०१७ पासून कांदळवनाची सफर घडवत आहेत. वल्ह्यांची होडी, इंजिनाचा आवाज नाही, आणि कोणते झाड श्वासमुळे वर काढते, कोणते बी झाडावरच रुजवते हे समजावून सांगणारी माणसे त्याच गावातली. जोडप्याला भेट द्यायला याहून शांत तासभर शोधूनही मिळणार नाही. सावंतवाडीकडच्या निवासांना गंजिफाचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांचा, आधार आहे. दशावतारी गंजिफाच्या संचात प्रत्येक अवताराची १२ पाने असतात आणि पूर्ण संच १२० पानांचा होतो. कारागिराशेजारी बसून त्यातले एक पान दोघांनी मिळून रंगवायचे आणि सोबत न्यायचे, एवढी भेट पुष्कळ झाली. पाऊस असो, समुद्र खवळलेला असो, ती हुकत नाही.

रापणीबद्दल मात्र जपून बोलावे. होडी जाळे घेऊन आत जाते, अर्धवर्तुळ घालून परत येते, आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरची माणसे ओढू लागतात. त्या दोराला पाहुण्यांनी हात लावला तर तो आनंद आयुष्यभर लक्षात राहील. पण रापण हा मच्छीमारांचा उदरनिर्वाह आहे. पाहुण्यांसाठी मांडलेला खेळ नाही. ती कधी टाकायची हे मासळी आणि रापणकर ठरवतात. म्हणून ती पैसे घेऊन विकू नये. योग आला आणि रापणकरांनी होकार दिला तर न्यावे, आणि त्यांचा मान ठेवावा. डॉल्फिनचे तेच, वेळासच्या कासवांचेही तेच. अंडी घातल्यापासून साधारण दीड ते दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात, पण ती नेमकी कोणत्या दिवशी निघतील हे कोणी सांगू शकत नाही. देणाऱ्याला फोनवर ‘दिसतील’ असे सांगितले आणि दिसली नाहीत, तर हिरमोड जोडप्याचा होतो आणि शब्द आपला जातो. जे निसर्गाच्या हाती आहे त्याची हमी देऊ नये.

कासवांच्या ओघाने किनाऱ्यावरच्या मेजवानीचेही बोलले पाहिजे. वाळूत मेज, दिव्यांच्या माळा, फुगे, मोठ्याने गाणी असा बेत हल्ली सर्रास विकला जातो. आपला हा हंगाम आणि ऑलिव्ह रिडले मादी किनाऱ्यावर येण्याचा हंगाम एकच आहे. उजेड आणि गडबड असेल तर मादी अंडी न घालताच मागे फिरते, आणि निघालेली पिल्ले समुद्राऐवजी उजेडाकडे चालू लागतात. वाऱ्याने उडालेले फुगे शेवटी पाण्यातच जातात. तेच जेवण अंगणात, माडांखाली, समयीच्या उजेडात वाढावे. दोघांना एकांतही अधिक मिळतो, आणि आपल्या किनाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागत नाही.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. स्कूबा, पॅरासेलिंग, बनाना राइड यांत शरीराचा प्रश्न येतो. दमा, हृदयविकार, कानाचे दुखणे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण. यातले काहीही असेल तर डुबकी घेऊ नये किंवा आधी डॉक्टरांना विचारावे. भेट देणाऱ्या भावाला बहिणीचा दमा ठाऊक असेल. पण तिला दिवस गेले असतील आणि तिने ते अजून घरी सांगितले नसेल, तर? मग होडीवर पाच अनोळखी माणसांसमोर फॉर्म हातात दिला जातो. तिला एकतर खोटे लिहावे लागते, नाहीतर सगळ्यांदेखत कारण सांगावे लागते. पैसे भरलेले, घरच्यांनी प्रेमाने पाठवलेले, व्हिडिओची वाट पाहणारी भावंडे. अशा वेळी कितीतरी जण जोखीम घेऊन पाण्यात उतरतील. हे टाळणे आपल्या हातात आहे. भेट असो वा नसो, आरोग्याचे आणि पोहता येते का याचे प्रश्न खोली आरक्षित करतानाच प्रत्येक पाहुण्याला पाठवावेत. कोणाला शंका येत नाही आणि उत्तर खाजगीत मिळते. पाण्यातल्या कोणत्याही खेळाला बरोबरीचा पर्याय तयार ठेवावा आणि जोडप्यासमोर दोन्ही ठेवावेत: “हे करा किंवा ते करा, पैसे दोन्हींचे भरलेले आहेत.” मग नकाराला कारण द्यावे लागत नाही. परतीचे विमान चिपी किंवा मोपा येथून असेल तर एका डुबकीनंतर निदान १२ तास आणि एकाहून अधिक असतील तर १८ तास जाऊ द्यावे लागतात, हेही आधी पाहावे.

मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचे प्राण गेले. त्या दिवसाची सल आपल्या सगळ्यांच्या मनात आहे. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाने नोंदणी, प्रशिक्षित माणसे आणि सुरक्षेची साधने यांचे निकष घालून दिले आहेत. ज्याच्याकडे नोंदणी नाही, ज्याच्या बोटीवर प्रत्येकाला लाइफ जॅकेट नाही, त्याच्याकडे आपण पाठवलेला पाहुणा ही आपली जबाबदारी ठरते. मग तो आपला सख्खा मावसभाऊ का असेना. पाहुणा स्वतः पैसे देतो तेव्हा बोट पाहून मागे फिरू शकतो. भेट मिळालेला पाहुणा भिडेपोटी फिरत नाही. म्हणून त्याच्या वतीने बोट आपणच पाहायची.

आणखी एक गोष्ट आपल्यात फारशी बोलली जात नाही. “माझी बहीण तुमच्याकडे उतरली आहे ना?” असे विचारणारा प्रत्येक फोन प्रेमाचाच असेल असे नाही. घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलेली जोडपीही आपल्याकडे राहतात, आणि त्यांचा शोध घेणारी माणसेही असतात. कोण आले आहे, कधी येणार आहे, कुठल्या खोलीत आहे, हे फोनवर कोणालाही सांगू नये. देणाऱ्याकडून नाव, नंबर आणि पैसे घ्यावेत; जोडप्याबद्दलची माहिती त्याने द्यावी, आपण देऊ नये. मग जोडप्याला खाजगीत एवढेच विचारावे: “अमुक नावाच्या व्यक्तीने तुमच्यासाठी एक भेट ठेवायला सांगितले आहे, घ्याल का?” भेट काय आहे हे शेवटपर्यंत गुपित राहू शकते. कोणी दिली हे गुपित ठेवायचे नाही. जोडप्याचा चेहरा टिपणारा व्हिडिओ काढायचा तर त्यांच्या परवानगीने काढावा, आणि आपल्या जाहिरातीसाठी वापरायचा तर पुन्हा वेगळे विचारावे.

या सगळ्याला मोठे भांडवल लागत नाही, पण एकट्या घराला ते पेलतही नाही. म्हणून एक सुचवतो. नाताळची गर्दी सुरू होण्यापूर्वी प्रत्येक गावातल्या निवासवाल्यांनी, होडीवाल्यांनी आणि खाणावळी चालवणाऱ्यांनी एकदा एकत्र बसावे आणि तीन भेटी पक्क्या कराव्यात: एक स्वयंपाकघरातली, एक पाण्यावरची, एक हस्तकलेची. प्रत्येकीचा सर्व खर्चासह एकच दर, त्यात कोणाचा वाटा किती, आणि हवामानामुळे किंवा जोडप्याच्या नकारामुळे भेट रद्द झाली तर देणाऱ्याला पैसे कधी परत मिळणार, हे कागदावर यावे. पाहुणा कोणाच्याही घरी उतरो, भेट गावातल्या कोणाकडेही घेता यावी. दर ठरलेले असले की एकमेकांचे पाहुणे ओढण्याची चढाओढ उरत नाही आणि दीड हजार रुपये गावातल्या तीन-चार घरांत पोहोचतात.

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हापासून मोठी हॉटेले, मोठे प्रकल्प यांची चर्चा आपण खूप ऐकली. पण आपल्या किनाऱ्याचे नाव टिकवले ते तुमच्यासारख्या चार-पाच खोल्यांच्या घरांनी, कारण तिथे पाहुण्याला आपला माणूस भेटतो. भेट ठरवणारा फोन हा त्याच विश्वासाचा भाग आहे. शहरातली भावंडे आपल्या माणसांचा आनंद परक्या माणसाच्या हाती सोपवत असतात. घेतलेल्या प्रत्येक रुपयाचे त्या दोघांना काय मिळाले, हे देणाऱ्याला उजळ माथ्याने सांगता येईल, असेच काम या हंगामात आपल्या प्रत्येकाच्या हातून व्हावे.