‘बायल्या’ ही शिवी का व्हावी?

आपल्या मायबोलीत पुरुषाला डिवचण्यासाठी जे शब्द योजले जातात, त्यांतील बरेचसे स्त्रियांच्या जगातून उचललेले आहेत. भित्र्यास ‘बायल्या’ म्हणतात, भांडणातून मागे फिरणाऱ्यास ‘हातांत बांगड्या भरल्यास काय?’ असे विचारतात, आणि मुलगा रडू लागला की ‘मुलीसारखा काय रडतोस?’ म्हणून त्यास गप्प करतात. कोकणातून व मुंबईहून आपण या देशात आलो, तेव्हा सामानाबरोबर हे शब्दही आले. स्त्रीशी तुलना झाली म्हणजे पुरुषास अपमान का वाटावा, याचा थोडा विचार आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

स्त्री दुबळी व भित्री असते म्हणून, असे कोणी म्हणेल. त्याने आपल्याच घराकडे पाहावे. अनोळखी भाषा, अनोळखी हवा आणि तुटपुंजा पगार यांत ज्यांनी संसार सावरले, त्यांत आपल्या आया व आज्या किती होत्या, हे सांगावयास नको. तेव्हा अपमानाचे मूळ स्त्रीच्या स्वभावात नाही. आपण मनात एक उतरंड रचली आहे आणि तीत स्त्रीस खालची जागा दिली आहे. म्हणूनच ‘पुरुषासारखी खंबीर’ हे शब्द स्त्रीला बढती वाटतात, तर ‘बाईसारखा’ म्हटल्याबरोबर पुरुषाला आपण खाली ढकललो गेलो असे वाटते.

गोल्डा मेयर यांनी हे नेमके ओळखले होते. 1969 ते 1974 या काळात त्या पंतप्रधान होत्या. त्यापूर्वी बेन गुरियन यांच्या मंत्रिमंडळात असताना, ‘मंत्रिमंडळातील एकमेव पुरुष’ असे बेन गुरियन यांनी त्यांना म्हटल्याची आख्यायिका आहे. 1975 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात गोल्डाबाईंनी तिचा समाचार घेतला. हीच स्त्रीची सर्वांत मोठी स्तुती असे सांगणाऱ्यास वाटावे, याची त्यांना गंमत वाटली. एखाद्या पुरुषास आपण ‘मंत्रिमंडळातील एकमेव स्त्री’ म्हटले असते, तर तो खूश झाला असता काय, अशी शंका त्यांनी व्यक्त केली.

पवित्र शास्त्रातील शोफेतीम, म्हणजेच शास्ते, या ग्रंथात या बाबतीत दोन पुरुष आपल्यापुढे उभे आहेत. पहिला अबीमलेख. तेबेसच्या बुरुजाला तो आग लावावयास गेला असता वरून एका स्त्रीने जात्याची तळी त्याच्या डोक्यावर टाकली. कवटी फुटलेली असतानाही त्यास चिंता पडली ती लोक काय म्हणतील याची. स्त्रीच्या हातून मेला असे कोणी म्हणू नये, म्हणून त्याने आपल्या शस्त्रवाहकाकडून स्वतःस मारवून घेतले. उपयोग काहीच झाला नाही. पुढे दावीदाच्या काळी सेनापती यवाब त्याची आठवण काढतो, ती स्त्रीच्या हातून मेलेला म्हणूनच.

दुसरा बाराक. दबोरा बरोबर येत असेल तरच आपण लढाईस जाऊ, असे त्याने सांगितले. या मोहिमेचे यश तुला मिळणार नाही, ते एका स्त्रीच्या हाती जाईल, असे दबोरेने त्यास बजावले. बाराक रुसला नाही. तो गेला, लढला, आणि सीसरा याएलच्या हातून मारला गेल्यावर दबोरेबरोबर विजयगीतही गायला.

यावर कोणी म्हणतील की नाहूम व यिर्मया या संदेष्ट्यांनीही शत्रूच्या लढवय्यांस स्त्रियांची उपमा दिली आहे, आणि आपले पुरुष रोज सकाळी प्रार्थनेत स्त्री न केल्याबद्दल परमेश्वराचे आभार मानतात. हे खरे आहे. परंतु पुरुषांवर अधिक मित्सवोत सोपविल्या आहेत, त्यांबद्दलचे हे आभार होत, असे विद्वान सांगतात. हे स्पष्टीकरण मानावयाचे, तर अधिक कर्तव्य म्हणजे अधिक मान नव्हे, हेही मानले पाहिजे. शब्बाथच्या संध्याकाळी आपण ‘एशेत हाईल’ गातो. त्यातील ‘हाईल’ हा शब्द शास्त्रात शूर योद्ध्यांसही लावलेला आहे, आणि सैनिकासाठी आज आपण वापरतो तो ‘हायाल’ हा शब्द त्याच धातूचा. आणखी असे की, यशयाच्या ग्रंथात परमेश्वर स्वतः आपल्या सांत्वनास आईच्या सांत्वनाची उपमा देतो. ज्या महाराष्ट्रातून आपण आलो, तेथे ज्ञानेश्वरांस ‘माउली’ म्हणतात, आणि त्यात कोणास त्यांचा अवमान दिसत नाही.

प्रश्न केवळ शब्दांचा असता, तर आम्ही एवढे लिहिले नसते. 1949 च्या कायद्याने या देशात मुलगे आणि मुली दोघांवरही सैन्यसेवा आली. लढाईहून परतलेला मुलगा रात्र रात्र झोपत नाही, मित्राच्या मृत्यूविषयी बोलत नाही, आणि डॉक्टरकडे चल म्हटले तर चिडतो. रडणे हे मुलींचे काम, असे त्याने पाचव्या वर्षापासून ऐकलेले असते. आपल्याच शब्दांनी आपण त्याचे तोंड बांधले आहे. तेच शब्द शेजारी उभी असलेली त्याची बहीणही ऐकते. आपल्यासारखे होणे हीच भावाची सर्वांत मोठी नामुष्की, एवढे तिला कळते. पुढे तीही गणवेश चढवते, आणि तरीही घरात ती उपमा शिवीच राहते.

आमची विनंती एवढीच आहे की, मुलगा रडू लागला तर ‘काय झाले?’ असे विचारावे. ‘मुलीसारखा’ हा शब्द तेथे आणू नये. आणि आजोबांनी नातवंडांस शोफेतीमच्या गोष्टी सांगताना शिमशोनाबरोबर बाराकाचीही गोष्ट सांगावी.