काट्याचा आकडा थेट सभासदाच्या हाती यावा



राहू आणि बेट भागातला ऊस म्हणजे मुळा-मुठा व भीमेच्या पाण्यावर पोसलेला ऊस. वर्ष-दीड वर्ष तुम्ही तो पोटच्या पोरासारखा सांभाळता. लागण, खते, पाणी, मोठी बांधणी, आणि या साऱ्या कष्टाचा हिशेब होतो तो काट्यावर, दोन-चार मिनिटांत. म्हणून यावेळी बेणे-खताचा विषय बाजूला ठेवून काट्याच्या तारेविषयी लिहितो. शेतकी खात्याच्या माणसाला तारेचं काय पडलंय, असे कोणी म्हणेल. पण गटात फिरताना सर्वांत जास्त कानी येणारा प्रश्न एकच असतो, "साहेब, वजन बरोबर धरलं ना?" याला नुसते "हो" म्हणून भागत नाही. उत्तर दाखवता आले पाहिजे.

आता काटा चालतो कसा ते पाहू. गाडी प्लॅटफॉर्मवर चढली की खालच्या लोडसेलवर भार येतो. त्यातला पोलाद केसापेक्षाही कमी दबतो, तेवढ्याने विजेचा दाब किंचित बदलतो आणि केबिनमधला इंडिकेटर त्याचे किलो करून दाखवतो. या इंडिकेटरच्या पाठीमागे सिरीयल पोर्ट असतो. गव्हाणीकडे गाड्या एकामागून एक सुटाव्यात, तशी त्यातून आकड्यांची अक्षरे एकाच तारेवरून बाहेर पडत असतात. ही पद्धत १९६० च्या दशकातली, नाव आरएस-२३२. जुनी असली तरी भरवशाची आहे. अडचण एवढीच, की ही तार साधारण ५० फुटांपर्यंतच नीट चालते. आरएस-४८५ पद्धतीची तार १,२०० मीटरपर्यंत जाते. पण काट्यापासून हिशेब खाते आणि तिथून राहूचे गट कार्यालय गाठायचे तर तारेने भागणार नाही.

त्यावर उपाय आहे. हाताच्या पंजाएवढी एक पेटी मिळते. एका बाजूने ती सिरीयल तार घेते आणि दुसऱ्या बाजूने तोच मजकूर नेटवर्कवर सोडते. दुसऱ्या टोकाच्या संगणकाला वाटते, की काट्याची तार आपल्यालाच जोडली आहे. जुना इंडिकेटर फेकायला नको, नवा काटा घ्यायला नको. वेग, बिट, पॅरिटी या गोष्टी दोन्हीकडे सारख्या लावल्या की झाले. त्यात फरक राहिला तर आकड्यांऐवजी भलतीच चिन्हे उमटतात.

आणि हे का हवे? कारण जिथे माणूस आकडा वाचतो आणि दुसरा टाईप करतो, तिथे चूक शिरते. १५,८३० किलोचे १५,३८० झाले, तर ४५० किलो गेले. २०२५-२६ हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला एफआरपी टनाला ३,५५० रुपये आहे. म्हणजे तोडणी-वाहतूक वजा जाण्यापूर्वीचे १,५९७ रुपये ५० पैसे एका उलट्यापालट्या आकड्यात गेले. यात कोणाची लबाडी असेलच असे नाही, पण सभासदाच्या मनात किंतु राहतो तो राहतोच.

माझे स्पष्ट मत असे, की ऊसवजन हाताने टाईप करणे पूर्ण बंद व्हावे आणि काट्याचा आकडा एकाच वेळी तीन ठिकाणी जावा : हिशेबाच्या संगणकात, गाडीवाल्याला दिसेल अशा बाहेरच्या फलकावर आणि सभासदाच्या मोबाईलवर. मात्र नुसती पेटी आणून बसवली म्हणजे झाले, असे नाही. चार गोष्टी धरून ठेवाव्या लागतील.

पहिली, भरलेले वजन आणि रिकामे वजन, दोन्ही याच वाटेने यावीत. रिकाम्या गाडीचे जुने वजन धरू नये.

दुसरी, पुष्कळशा इंडिकेटरांतून नुसता आकडा येतो. त्यासोबत गाडी नंबर नसतो, तारीख-वेळ नसते. नेटवर्क मंद असले तर आकडा उशिरा पोचून मागच्या गाडीच्या नावावर पडेल. तेव्हा वजन स्थिर होताच गाडी नंबर आणि वेळ काट्यावरच चिकटवावी. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. त्या मोजणीलाही ही वेळ कामाची आहे.

तिसरी, हा मजकूर उघडा असतो. नेटवर्कात शिरलेला कोणीही तो वाचू शकतो, तसाच खोटा आकडाही सोडू शकतो. म्हणून काट्याचे नेटवर्क वेगळे ठेवावे आणि पेटीचा पासवर्ड बदलावा. आकडा जिथे आपोआप येत राहतो, तिथे इंडिकेटरकडे परत जाणारी तार जोडूच नये. आकडा बाहेर यावा, पण हुकूम आत जाऊ नये.

चौथी, "नेट गेलं की काय करायचं?" हा प्रश्न रास्त आहे. काट्यावरच्या संगणकात नोंद साठून राहावी आणि नेट आले की आपोआप पुढे जावी. "नेट नव्हतं, म्हणून हातानं टाकलं" ही सबब चालू देऊ नये.

एक गोष्ट मात्र मनात पक्की ठेवा. तार फक्त निरोप्या आहे. काटाच खोटा असेल, तर नेटवर्क तो खोटा आकडा इमानाने पोचवील! काट्याचा खरेपणा प्रमाणित वजने ठेवूनच तपासावा लागतो. वैध मापन शास्त्राच्या नियमांप्रमाणे काट्याची दर १२ महिन्यांनी फेरपडताळणी होते. ती हंगामापूर्वी आणि सभासदांसमोर व्हावी. काटामारीची तक्रार शेतकरी संघटना वर्षानुवर्षे करत आल्या आहेत. तिला रागाने नव्हे, उघड्या हिशेबानेच उत्तर देता येते.

खर्चाचे म्हणाल, तर पेटीचा खर्च नव्या काट्याच्या मानाने किरकोळ आहे. खासगी कारखान्यात शेतकरी माल घालणारा असतो, सहकारात तो मालक असतो. मालकाला आपल्याच काट्याचा आकडा त्याच क्षणी दिसू नये, हे सहकाराला शोभत नाही. येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय जरूर मांडा, आणि "पेटी बसवली का?" एवढेच विचारून थांबू नका. वरच्या चारही गोष्टी एकेक करून विचारा.

– ऊस विकास अधिकारी