अनुदान देताना विक्रीच्या अटीही लिहा

मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस खुले पत्र
कोयनानगर, ता. पाटण, जि. सातारा

महोदय,

ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्स या उद्योगांसाठी आपल्या मंत्रिमंडळाने 16 सप्टेंबर 2025 रोजी धोरण मंजूर केले. आराखडा 2050 पर्यंतचा, तरतूद 3,268 कोटी रुपयांची. पाटण-कराडकडून पुण्याची एसटी धरणाऱ्या पोरांसाठी ही चांगली बातमी आहे. प्रश्न पुढचा आहे. सरकारी पैशाच्या आधाराने उभा राहिलेला गेमचा स्टुडिओ उद्या एखाद्या बड्या कंपनीने विकत घेतला, तर तिथल्या नोकऱ्यांचे आणि गेमचे काय?

हा प्रश्न हवेतला नाही. विशाल गोंडल यांनी 1999 मध्ये मुंबईत ‘इंडियागेम्स’ ही गेम बनवणारी कंपनी सुरू केली. 2005 मध्ये बीजिंगच्या टॉम ऑनलाइनने तिच्यातला मोठा हिस्सा घेतला, 2007 मध्ये यूटीव्हीने ताबा मिळवला आणि 2011 मध्ये ती डिस्नेकडे गेली. काही वर्षांतच डिस्नेने भारतातल्या गेमच्या धंद्यातून अंग काढून घेतले. बटनांच्या फोनवर देशभर खेळल्या गेलेल्या तिच्या गेमची मूळ संहिता (सोर्स कोड) आज कोणाच्या कपाटात आहे, याची नोंद ठेवण्याचे बंधन ना विकणाऱ्यावर होते, ना घेणाऱ्यावर.

अशा खरेदीतून चांगले काही होतच नाही, असे मात्र नाही. फ्रान्सच्या युबिसॉफ्टने 2008 मध्ये गेमलॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ घेतला. त्यामुळे ‘जस्ट डान्स’सारख्या जगभर खपणाऱ्या मालिकेचे काम पुण्यात बसून करता आले. मोठ्या कंपनीची शिस्त, तिची साधने आणि तिथला अनुभव छोट्या स्टुडिओला स्वतःच्या बळावर क्वचितच परवडतो.

पण त्याच स्टुडिओची दुसरी गोष्टही आहे. सप्टेंबर 2020 मध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’च्या नव्या आवृत्तीची घोषणा झाली. ज्या राजपुत्राच्या जुन्या गेममध्ये भारतातल्या कित्येकांनी संगणकावर पहिल्यांदा उड्या मारल्या, त्याचे काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईतल्या स्टुडिओंच्या हाती आले होते. ट्रेलर आला आणि चित्रांच्या दर्जावरून चाहत्यांनी टर उडवली. 21 जानेवारी 2021 ही तारीख आधी 18 मार्चवर गेली, मग बेमुदत लांबली. मे 2022 मध्ये काम काढून कॅनडातल्या माँट्रियलच्या स्टुडिओला देण्यात आले. दर्जा कमी पडला असेलही. तो सुधारण्याची संधी कोणाला द्यायची, हा निर्णय मात्र पुण्याच्या हातात नव्हता.

आता ‘रिअल क्रिकेट’ हा मोबाइलवरचा गेम घ्या. तो बनवणारी पुण्याची नॉटिलस मोबाइल आधी पुण्याच्याच जेटसिंथेसिसकडे होती. मार्च 2025 मध्ये ‘बीजीएमआय’ या गेमवाल्या कोरियन क्राफ्टन कंपनीने सुमारे 118 कोटी रुपयांत तिच्यावर ताबा मिळवला. क्राफ्टनचा लौकिक दोन्ही बाजूंचा आहे. मायक्रोसॉफ्टने 2021 मध्ये बेथेस्डा या गेम-कंपनीबरोबर घेतलेला जपानचा टँगो गेमवर्क्स हा स्टुडिओ, त्याच्या ‘हाय-फाय रश’ या गेमचे भरभरून कौतुक झाले असतानाही, मे 2024 मध्ये बंद करायचे ठरवले. ऑगस्टमध्ये तो सावरला क्राफ्टननेच. दुसरीकडे, ‘सबनॉटिका’ बनवणाऱ्या अमेरिकन स्टुडिओच्या संस्थापकांना त्याच क्राफ्टनने जुलै 2025 मध्ये दूर केले आणि ते कोर्टात गेले. वाद होता 25 कोटी डॉलरपर्यंतच्या, विक्रीच्या करारात कबूल केलेल्या जादा रकमेचा.

मोठ्या विलीनीकरणांचा अनुभव आणखी कडू आहे. मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड 68.7 अब्ज डॉलरना घेतली. व्यवहार 13 ऑक्टोबर 2023 रोजी पूर्ण झाला. जानेवारी 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या गेमिंग विभागातल्या 1,900 जणांना नारळ मिळाला.

यावर कोणी म्हणेल, स्पर्धा आयोग आहे की! सप्टेंबर 2024 पासून 2,000 कोटींहून मोठ्या व्यवहारांची, त्यातल्या कंपनीचा भारतात पुरेसा कारभार असल्यास, आयोगाकडे नोंद करावी लागते. 118 कोटींचा व्यवहार त्या रेषेच्या जवळपासही जात नाही. आणि आयोग बघतो ती बाजारातली स्पर्धा. पुण्यातल्या स्टुडिओत कोण उरले, हे बघणे त्याचे काम नाही. राज्याच्या हातात त्यासाठी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे अनुदान.

हे पत्र कोयनानगरातून जाते त्यालाही कारण आहे. कोयना धरणासाठी गावे उठली ती 1964 च्या आधी. राज्याचा पुनर्वसनाचा कायदा आला 1976 मध्ये. हक्काच्या जमिनीसाठी त्यानंतरही पिढ्या आंदोलनात गेल्या. स्टुडिओतली नोकरी आणि बुडालेले गाव यांची बरोबरी होऊच शकत नाही. अटी उशिरा लिहिल्या की त्या कोणाला पुरत नाहीत, एवढाच या खोऱ्याचा दाखला.

म्हणून मागणी तीनच गोष्टींची. एक, अनुदान घेतलेला स्टुडिओ ठरावीक मुदतीत विकला गेला आणि नव्या मालकाने तो बंद केला किंवा राज्याबाहेर हलवला, तर अनुदान व्याजासह परत घ्यावे. दोन, नव्या मालकाने अडगळीत टाकलेला गेम योग्य किमतीत परत घेण्याचा पहिला हक्क तो बनवणाऱ्यांना असावा. तीन, अनुदानावर बनलेल्या प्रत्येक गेमची चालू प्रत आणि संहिता सरकारी संग्रहात जमा व्हावी. सिनेमासाठी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून पुण्यात आहे. गेमसाठी तसे दालन त्याच शहरात उघडता येईल.

अशा अटींनी गुंतवणूकदार बिचकतील, हा आक्षेप येणारच. पण अटी लागू होतील त्या सरकारी पैसा घेणाऱ्यालाच. स्वतःच्या भांडवलावर स्टुडिओ काढणाऱ्याने तो कोणाला, कधी आणि कितीला विकावा, यात शासनाने पडू नये. संस्थापकाला त्याच्या मेहनतीचे मोल मिळायलाच हवे. अनुदानाच्या करारनाम्यात या तीन कलमांना जागा द्यावी आणि तो मसुदा हरकती-सूचनांसाठी मराठीत प्रसिद्ध करावा, ही विनंती.