आओ जाओ प्रोग्राम तुम्हारा!

मंडळी, आज थोडं तांत्रिक दळण. घरच्यांनीही वाचावं, अवघड काही नाही.

जावास्क्रिप्टचा प्रोजेक्ट वाढला की कोड वेगवेगळ्या फाइलींत, म्हणजे मॉड्यूल्समध्ये, ठेवतात. कुठली फाइल हवी ते 'इम्पोर्ट' किंवा 'रिक्वायर' लिहून सांगायचं. चाळीस फाइली, चाळीस ओळी. मग कुणाला तरी कंटाळा येतो आणि तो म्हणतो, फोल्डर वाचा, सापडेल ते लोड करा! वेबपॅकमध्ये रिक्वायर.कॉन्टेक्स्ट आहे, व्हीटमध्ये इम्पोर्ट.मेटा.ग्लॉब, नोडमध्ये तर चार ओळींचं लूप पुरतं. नवी फाइल टाकली की आपोआप चालू. काय ती सोय!

माझा या सोयीला ठाम विरोध आहे. यादी करून आमंत्रणं देणं वेगळं आणि मांडवाचं दार उघडं टाकून 'आओ जाओ घर तुम्हारा' म्हणणं वेगळं.

एका प्रोजेक्टमध्ये कुणीतरी बिलांच्या फाइलीची कॉपी त्याच फोल्डरात ठेवून दिली होती. दोन्ही लोड झाल्या. गिऱ्हाइकांना प्रत्येक मेल दोनदा! शोधायला बसलो तर त्या कॉपीचं नाव कोडमध्ये कुठेच नाही. सापडणार कसं? आणि उलटंही होतं... फाइल कुणी वापरतंय का हे कळत नाही, म्हणून ती काढायची कुणाची छाती होत नाही. अडगळ साठत जाते.

२०१५ साली भाषेतच 'इम्पोर्ट' आलं, तेव्हा फाइलीचा पत्ता थेट लिहिण्याची सक्ती होती. कारण साधं: प्रोग्राम न चालवताही काय लागतं ते कळावं, न लागणारं गाळता यावं. नोडचा जनक रायन डाल यानं २०१८ साली बर्लिनला आपल्या पश्चात्तापांची यादी सांगितली. फोल्डरचं नाव दिलं की इंडेक्स.जेएस आपोआप शोधण्याची सोय त्या यादीत होती!

टेस्टच्या फाइली आपोआप शोधाव्यात, हे मान्य. तिथे कुणाचं कुणावर अवलंबून नसतं. पण जिथे क्रम महत्त्वाचा, पैसे महत्त्वाचे, तिथे नावं लिहा. चाळीस ओळी लिहायला दहा मिनिटं लागतात. त्या वाचवून आपण नंतर येणाऱ्या पोराची अख्खी रात्र खर्च करतो, आणि त्याला विचारतही नाही.

असो. पटत नसेल त्यांनी जरूर भांडावं!