अक्षय्य तृतीया आणि जमिनीतील भागीदारी

साडेतीन मुहूर्तांत गणल्या गेलेल्या अक्षय्य तृतीयेस सोन्याबरोबरच भूखंड, सदनिका, गाळे घेण्याचा प्रघात अलीकडे पुष्कळ वाढला आहे. या दिवशी केलेल्या दानाचा, जपाचा आणि पितरांना अर्पिलेल्या उदककुंभाचा क्षय होत नाही, अशी आपली श्रद्धा. परंतु मुहूर्त शुभ असला म्हणून व्यवहार निर्दोष होतोच असे नाही. एकट्याच्या ऐपतीबाहेरची जमीन भाऊ, साडू, स्नेही मिळून घेतात; ती कोणाच्या नावे आणि कोणत्या स्वरूपात घ्यावी, हा विचार मात्र नारळ फुटल्यानंतर सुचतो.

आमच्या परिचयातील एका घराण्यात तीन भावांनी पैसे घालून थोरल्याच्या नावे भूखंड घेतला. खरेदीखतावर नाव एकट्या थोरल्याचे. धाकट्यांपाशी केवळ विश्वास. थोरले निवर्तले आणि पुढच्या पिढीत तंटा उभा राहिला. आज त्या घरी गौरी-गणपतीही निरनिराळे बसतात. बेनामी व्यवहारांविषयीचा 1988 चा कायदा 2016 मध्ये अधिक कडक झाला आहे. भावाच्या नावे होणाऱ्या खरेदीत पैसे घालावयाचे, तर कागदोपत्री दोघेही सहमालक दिसावे लागतात. एरवी मिळकत जप्त होण्याची पाळी येऊ शकते.

वस्तुतः हा विचार धर्मशास्त्रास नवा नाही. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात ‘संभूयसमुत्थान’ असे प्रकरणच आहे. एकत्र व्यापार करणाऱ्यांनी लाभ-हानी भांडवलाच्या प्रमाणात अथवा आधी ठरल्याप्रमाणे वाटून घ्यावी. इतरांच्या संमतीवाचून किंवा हयगयीने एकाने केलेले नुकसान त्यानेच भरावे, असा त्याचा आशय.

याच स्मृतीवर विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणी नगरीत मिताक्षरा रचली. तिने मांडलेले अविभक्त कुटुंब प्राप्तिकराच्या कायद्यात आजही स्वतंत्र करदाता आहे. वडिलोपार्जित मिळकत सांभाळण्यास हे स्वरूप सोयीचे. पण यात स्नेही किंवा साडू शिरू शकत नाहीत, आणि कर्त्याने कुटुंबाच्या धंद्यासाठी काढलेल्या कर्जाचा भार कुटुंबाच्या मिळकतीवर पडतो. 2005 च्या दुरुस्तीने मुलगीही जन्मतः समान सहदायाद झाली. 2005 साली वडील हयात असण्याची अट नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये दिला. तेव्हा लेकीस न विचारता आखलेली योजना टिकणारी नव्हे.

परक्या माणसाबरोबर 1932 च्या कायद्याखालील साधी भागीदारी करणे सोपे. तथापि तीत एका भागीदाराने केलेले पेढीचे देणे इतरांच्या घरादारापर्यंत पोहोचते. आणि पेढी नोंदलेली नसेल, तर करारावरून इतरांवर दावा लावता येत नाही. 2008 च्या कायद्याने आलेली मर्यादित दायित्वाची भागीदारी, अर्थात एलएलपी, ही अडचण बरीच दूर करते. भागीदाराची जोखीम सामान्यतः त्याने कबूल केलेल्या भांडवलापुरतीच राहते, आणि एखादा भागीदार निवर्तला तरी संस्था चालू राहते. सतत बांधकाम करून विकणाऱ्यांस, नवे भागधारक घेऊ इच्छिणाऱ्यांस खासगी मर्यादित कंपनी शोभते. परंतु तिला दरवर्षी लेखापरीक्षण अनिवार्य आहे. लहान एलएलपीस त्यातून सूट मिळते. मात्र कर्ज देताना बँका बहुधा व्यक्तिगत हमी मागतात. ती दिली की मर्यादित दायित्वाचे कवच तेवढ्यापुरते गळून पडते.

शेतजमिनीची गोष्ट आणखी निराळी. महाराष्ट्रात 1948 च्या कूळकायद्यान्वये बिगरशेतकऱ्यास शेतजमीन सहसा परवानगीवाचून घेता येत नाही. संस्था स्थापन करून हे बंधन सुटत नाही.

आमचे मत असे की, घरची मिळकत कुटुंबात राहावी. परक्यासह काही वर्षांसाठी जमीन घ्यावयाची तर एलएलपी बरी. आणि नित्याचा मोठा व्यवसाय असेल तरच कंपनीचा खटाटोप करावा. अंतिम निर्णय वकील व सनदी लेखापालांच्या सल्ल्याने व्हावा. कोणी किती पैसे घातले, जमीन केव्हा विकावयाची, एखाद्यास बाहेर पडावयाचे असेल तर त्याचा हिस्सा कसा मोजावयाचा आणि कोणी निवर्तल्यास त्याच्या वारसांस काय मिळावे, हे चार मुद्दे करारात अवश्य लिहावेत.

यंदा तृतीयेस उदककुंभ दिल्यावर घरातील सर्वांनी, लेकीसुनांसह, एकत्र बसून तो करार मोठ्याने वाचावा. कोणास शंका असेल, तर सही पुढच्या मुहूर्तावर करावी. जमीन थांबेल अथवा दुसरी मिळेल. तुटलेले भाऊ पुन्हा एका पंगतीस बसतीलच असे नाही.